जाळी तशीच राहिली, कोलॅजेन निघून गेलं: माशाच्या कोलॅजेनने ऊती छापण्याचं नाशकातलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण नाशकातल्या एका महाविद्यालयाच्या जैवरसायन विभागात घडलं. आम्ही तिघं होतो. मी तिथे शिकवते. दुसरा अंबड औद्योगिक वसाहतीत छोटं वर्कशॉप चालवणारा तरुण अभियंता. प्लास्टिकची तार वितळवून छापणारा साधा थ्री-डी प्रिंटर खोलून त्याने त्यावर सिरिंज बसवली होती. तिसरे, मधुमेहींच्या पायाच्या जखमांवर उपचार करणारे सर्जन. कोणाची ओळख पटू नये म्हणून नावं गाळली आहेत, काही तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम आणि आमच्या चुका मात्र होत्या तशाच ठेवल्या आहेत.

डॉक्टरांची गरज साधी होती. दिंडोरी, निफाड, सिन्नरकडून त्यांच्याकडे येणारे शेतकरी बहुतेकदा उशिरा येतात. पाय बधिर झालेला असतो, चप्पल चावल्याचं कळतही नाही, आणि कळतं तेव्हा जखम हाडापर्यंत गेलेली असते. बाजारात मलमं आणि ड्रेसिंग ढिगाने मिळतात, पण त्यातलं कोणतं पेशींना मानवतं आणि कोणतं मारतं हे रुग्णाच्या पायावर लावूनच कळायचं. डॉक्टर म्हणाले, "मॅडम, मला प्रयोगशाळेच्या ताटलीत वाढवलेला त्वचेचा आतला थर हवा. मलम आधी त्याच्यावर लावून बघू." आमचं उद्दिष्ट तेवढंच होतं. रुग्णाला काही लावायचा विचार तेव्हा कोणाच्याच डोक्यात नव्हता.

बायोप्रिंटिंगमध्ये पेशी मिसळलेली जेल सिरिंजमधून धारेने सोडतात आणि थरावर थर रचत आकार उभा करतात. या जेलला सगळेच शाई म्हणतात. त्वचेच्या आतल्या थरात मुख्यतः पहिल्या प्रकारचं कोलॅजेन हे तंतुमय प्रथिन असतं, म्हणून शाई त्याचीच करायची हे उघड होतं. प्रश्न होता ते कोणत्या प्राण्याचं घ्यायचं.

माशाकडे का वळलो

संशोधनात गाईचं, डुकराचं किंवा उंदराच्या शेपटीचं कोलॅजेन सर्रास वापरतात. ते परदेशातून बर्फात येतं आणि आमच्यासारख्या विभागाच्या वर्षभराच्या खर्चाचा मोठा वाटा एका खोक्यात जातो. ब्रिटनमध्ये १९८६ साली वेड्या गाईंचा आजार ओळखला गेल्यापासून गाईच्या ऊतींपासून केलेल्या मालाची तपासणी कडक झाली आहे. त्यात गाय आणि डुक्कर ही दोन नावं काढली की कितीतरी घरांत पुढचं बोलणंच थांबतं. मानवी कोलॅजेनचं जनुक सूक्ष्मजीवांत किंवा वनस्पतींत घालून कोलॅजेन बनवता येतं, पण त्याची किंमत ऐकून तो पर्याय आम्ही त्याच दिवशी सोडला.

मासळी बाजारात रोज टाकून दिली जाणारी कातडी आणि खवले कोलॅजेनने भरलेले असतात. म्हणून सागरी कोलॅजेन. हा निर्णय आजही बरोबरच वाटतो. मात्र "माशाचं म्हटलं की कोणाची हरकत नसेल" असं आम्ही गृहीत धरलं, ते चूक होतं. त्र्यंबकेश्वर आणि पंचवटीच्या या मुलखात माळकरी माणसं थोडी नाहीत. डॉक्टरांच्या एका परिचारिकेने पहिल्याच आठवड्यात विचारलं, "माशाचं आहे हे पेशंटला सांगणार ना?" या प्रश्नाकडे मी शेवटी येणार आहे.

समस्या

पहिली चूक लवकर उघडी पडली. ऑनलाइन "मरीन कोलॅजेन" म्हणून मिळणारी पावडर आम्ही मागवली. ती पाण्यात क्षणात विरघळली, पण तिची जेल काही केल्या होईना. ती खाण्याची पूरक पावडर होती. अखंड कोलॅजेनचा रेणू सुमारे ३ लाख डाल्टनचा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं एकक), तीन पेडांच्या वेणीसारखा गुंफलेला असतो. पावडरीत त्या वेणीचे विकरांनी केलेले बारीक तुकडे असतात. तुकड्यांतून वेणी पुन्हा विणली जात नाही. एक महिना गेला.

मग एका परदेशी पुरवठादाराकडून थंड समुद्रातल्या माशाचं अखंड कोलॅजेन आणलं आणि त्यात तपकिरी समुद्रशेवाळापासून मिळणारं अल्जिनेट मिसळलं. अल्जिनेटवर कॅल्शियम क्लोराइड पडलं की ते लगेच घट्ट होतं, त्यामुळे छापलेला आकार धरून राहतो. जानेवारी होता. नाशकातला जानेवारी म्हणजे सकाळी बोटं आखडतात. सिरिंज बर्फाच्या पाकिटात गुंडाळली होती आणि प्रिंटर चार थरांची जाळी काढत होता. एकेक रेघ कागदावर पेन्सिलीने ओढावी तशी सरळ. अभियंत्याने फोटो काढले आणि आम्ही ते महाविद्यालयाच्या सूचना फलकावर लावले.

आत पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून आणलेल्या एल९२९ पेशी होत्या. या उंदराच्या तंतुपेशी असून विषारीपणाच्या चाचण्यांसाठी जगभर वापरतात. जाळी ३७ अंशांच्या इनक्युबेटरमध्ये ठेवली. दुसऱ्या दिवशी जाळी तशीच, तिसऱ्या दिवशीही तशीच. पण सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोहरीसारख्या गोल. कोलॅजेनला धरलेली तंतुपेशी चातीसारखी निमुळती, लांब होते. आमची एकही पेशी लांब झाली नव्हती. त्या जिवंत होत्या, पण धरायला त्यांना काही मिळालेलं नव्हतं.

इथे आम्ही सहा आठवडे चुकीच्या ठिकाणी शोधत राहिलो. सुई जाड करून पाहिली, हवेचा दाब कमी केला, पेशींची संख्या दुप्पट केली. सगळ्यांनाच वाटत होतं की छापताना पेशींना इजा होते आहे. दोष प्रिंटरचा, असं मीच बोलून दाखवलं होतं, आणि त्या बिचाऱ्या अभियंत्याने दोन रविवार वर्कशॉपमध्ये घालवून नवा पिस्टन बनवला.

उलगडा एका विद्यार्थिनीमुळे झाला. तिने विचारलं, जाळीऐवजी जाळीभोवतीचं पाणी तपासलं तर? हायड्रॉक्सिप्रोलीन हे अमिनो आम्ल कोलॅजेनमध्ये भरपूर असतं, इतर प्रथिनांत जवळपास नसतंच. नमुना तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात रात्रभर तापवायचा, क्लोरामाइन-टी आणि एर्लिशचं द्रावण घालायचं. जितका लाल रंग चढेल तितकं कोलॅजेन. तिने तीन नळ्या लावल्या. कोऱ्या पोषक द्रवाची नळी फिकट राहिली. जाळीची नळी जेमतेम गुलाबी झाली. जाळी ज्या द्रवात बुडली होती त्याची नळी डाळिंबाच्या रसासारखी लाल झाली. कोलॅजेन पहिल्याच रात्री बाहेर पडलं होतं. आम्ही फोटो काढून फलकावर लावलेली जाळी निव्वळ अल्जिनेटची होती, आणि अल्जिनेटला पेशी चिकटत नाहीत.

असं का होतं

माशाच्या अंगाचं तापमान त्याच्या पाण्याइतकंच असतं आणि त्याचं कोलॅजेन त्याच तापमानाला साजेसं घडलेलं असतं. वेणीचे तीन पेड घट्ट धरायला प्रोलीन आणि हायड्रॉक्सिप्रोलीन लागतात. गाईच्या कोलॅजेनमध्ये ते जास्त, म्हणून ते चाळिशीच्या आसपास उलगडतं. कॉडसारख्या थंड समुद्रातल्या माशाचं द्रावणातलं कोलॅजेन १५ अंशांच्या आसपासच सुटतं. उष्ण पाण्यातल्या माशांचं तिशी ओलांडून टिकतं. एकदा वेणी सुटली की ते जिलेटिन झालं, आणि जिलेटिन ३७ अंशांवर पाण्यात मिसळून जातं.

यातलं काहीच नवं नव्हतं. मी स्वतः वर्गात हे शिकवते. तरी "छापता येतं का?" या प्रश्नामागे आम्ही तिघंही इतके लागलो होतो की "३७ अंशांवर राहील का?" हे विचारायचं राहून गेलं.

तोललेले पर्याय

मार्चअखेरीस आम्ही फळ्यावर पर्याय मांडले. इनक्युबेटर ३० अंशांवर आणायचा पर्याय लगेच बाद झाला, कारण पुढे माणसाच्या पेशी वापरायच्या होत्या. ग्लुटराल्डिहाइडने कोलॅजेन पक्कं बांधलं जातं, पण उरलेलं रसायन पेशींना मारतं.

अभियंत्याचा ओढा जिलेटिनच्या बाथमध्ये छापण्याच्या पद्धतीकडे होता. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या अ‍ॅडम फाइनबर्ग यांच्या गटाने २०१९ मध्ये याच रीतीने कोलॅजेनपासून हृदयाचे भाग छापून दाखवले. आधार देणारं जिलेटिन शेवटी ३७ अंशांवर वितळवून काढतात. आमची अडचण नेमकी तिथेच होती: ज्या पायरीवर आधार वितळायचा, त्याच पायरीवर आमची शाईही सुटली असती. गाईच्या कोलॅजेनसाठी केलेली कृती माशाला जशीच्या तशी लागू होत नाही, हे अभियंत्याला पटायला एक प्रयोग वाया घालवावा लागला. तो मी मुद्दाम करू दिला.

कोलॅजेनला मेथाक्रिलेट नावाचं रसायन जोडून प्रकाशाने घट्ट करणं हा मातब्बर पर्याय होता. पण जोडणी जास्त झाली की रेणूंना आपापले तंतू विणता येत नाहीत, आणि ते रसायन हाताळायला आमच्याकडे चांगलं फ्यूम हूड, म्हणजे विषारी वाफा ओढून घेणारं कपाट, नव्हतं.

पाचवा पर्याय डॉक्टरांच्या एका नेत्रतज्ज्ञ मित्राने गप्पांच्या ओघात सुचवला. बुबुळ पुढे शंकूसारखं येण्याच्या आजारात डोळ्यात रायबोफ्लेविन, म्हणजे बी-२ जीवनसत्त्व, घालून अतिनील प्रकाश देतात. त्याने बुबुळातलं कोलॅजेन एकमेकांत बांधलं जातं. "डोळ्यात चालतं, मग तुमच्या ताटलीत का नाही?" रायबोफ्लेविन निळा प्रकाशही शोषतं, त्यामुळे अतिनील किरण टाळता येणार होते. धोका एकच: प्रकाश जास्त वेळ दिला तर तयार होणारे ऑक्सिजनचे क्रियाशील रेणू पेशींनाच जाळतात.

आम्ही दोन गोष्टी एकत्र करायचं ठरवलं. मासा उष्ण पाण्यातला घ्यायचा आणि बांधणी रायबोफ्लेविनने करायची. कोणतीही एकच पुरली नसती.

केलेली कृती

मुंबईहून कसारा घाट चढून येणारी मासळी नाशकात पहाटे पोचते. आधी कातडी घेतली. एप्रिलच्या उन्हात खोक्यातला बर्फ निम्मा वितळलेला असायचा आणि कातडीला वास सुटलेला. दिंडोरीतल्या द्राक्षांच्या शीतगृहात जागा मिळते का विचारलं. मालकांनी हात जोडले, आणि त्यांचं बरोबर होतं. निर्यातीच्या द्राक्षांशेजारी मासळी कोण ठेवेल?

म्हणून खवले घेतले. त्यांत चरबी कमी असते, खनिजाचं कवच असतं, धुऊन सावलीत वाळवले की प्रवास सोसतात. जुन्या नाशकातल्या मासळी बाजारातल्या मावशी आमच्यासाठी पिशवी भरून ठेवायच्या. पण पिशवीत दिवसभर कापलेल्या सगळ्या माशांचे खवले एकत्र असायचे. पहिल्या तीन बॅचपैकी दोन एकमेकींशी जुळल्या नाहीत. शेवटी मावशींनीच मार्ग काढला. "ताई, एकाच माशाचे पायजेत तर जिताड्याचे घ्या ना. खवला मोठा, ओळखू येतो." जिताडा खाडी आणि समुद्र यांच्यामध्ये ये-जा करणारा उष्ण पाण्यातला मासा, आणि रायगडकडे तो तळ्यांतही वाढवतात. १ जूनपासून पावसाळी मासेमारी बंदी लागली आणि समुद्रातली आवक थांबली, तेव्हा तळ्यातल्या जिताड्याने आमचं काम चालू ठेवलं.

काढण्याची रीत अशी. खवले सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवून इतर प्रथिनं काढायची, मग ईडीटीएमध्ये दोनतीन दिवस ठेवून खनिज काढायचं. नखासारखा कडक खवला या टप्प्यात भिजलेल्या पतंगाच्या कागदासारखा मऊ आणि पारदर्शक होतो. पुढे ०.५ मोलर अ‍ॅसेटिक आम्लात पेप्सिनसोबत ठेवायचं, मिठाने कोलॅजेन खाली बसवायचं, डायलिसिस करून, म्हणजे पातळ पडद्याच्या पिशवीतून मीठ आणि आम्ल बाहेर जाऊ देऊन, गोठवून वाळवायचं. शेवटच्या वाळवणीपर्यंत सगळं ४ अंशांवर.

मे महिन्यातल्या एका शनिवारी वीज गेली. विभाग बंद होता, डायलिसिसच्या पिशव्या फ्रीजमध्ये होत्या. सोमवारी फ्रीज पुन्हा गार होता, द्रावण दाट आणि स्वच्छ दिसत होतं. खात्रीसाठी एसडीएस-पेज ही प्रथिनं आकारानुसार जेलवर वेगळी करणारी तपासणी केली. कोलॅजेनच्या दोन पट्ट्या अगदी जागेवर उमटल्या. बॅच चांगली म्हणून आम्ही ती पुढे वापरली, आणि तिने छापलेला प्रत्येक नमुना ३७ अंशांवर विरघळला.

ही चूक मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, कारण ती करणारे आम्ही एकटे नसणार. एसडीएस-पेजमध्ये नमुना उकळतातच. वेणी शाबूत असो वा आधीच सुटलेली, जेलवर पेड सुटेच धावतात. पेड तुटले नसतील तर पट्ट्या सारख्याच दिसणार. वेणी आहे का हे सांगणारी तपासणी वेगळी: वर्तुळाकार ध्रुवीकृत प्रकाशाच्या वर्णपटात २२१ नॅनोमीटरजवळ दिसणारं छोटं शिखर. आम्ही ते पुण्याहून मोजून आणलं. त्या बॅचमध्ये शिखर नव्हतंच.

प्रत्येक बॅच पुण्याला पाठवणं परवडणारं नव्हतं, तेव्हा आम्ही एक साधी परीक्षा बसवली. थोडं द्रावण बर्फावर घेऊन थेंबाथेंबाने सोडियम हायड्रॉक्साइड घालत पीएच ७.४ वर आणायचा. त्यातलं फिनॉल रेड हे पीएच दाखवणारं रंगद्रव्य पिवळ्यावरून कांद्याच्या सालीसारखं गुलाबी झालं की थांबायचं. एक नळी फ्रीजमध्ये, एक २८ अंशांच्या पाण्यात. कोलॅजेन शाबूत असेल तर गारव्यात ते पातळ राहतं आणि उबेत तंतू विणले जाऊन ताकासारखं पांढुरकं होतं. जिलेटिन झालं असेल तर उलट: गारव्यात थिजतं, उबेत पातळ होतं. अर्ध्या तासाचं काम. आता ही परीक्षा झाल्याशिवाय कोणतीही बॅच प्रिंटरपर्यंत जात नाही.

छापण्याचा क्रमही बदलला. शाई गार ठेवून छापायची, २८ अंशांवर तंतू विणू द्यायचे, मग निळा प्रकाश द्यायचा आणि त्यानंतरच ३७ अंशांवर न्यायचं. प्रकाश आधी दिला तर विस्कळीत रेणूच एकमेकांना बांधले जातात. प्रकाशाचा वेळ ठरवायला दोन महिने लागले. कमी दिला तर जाळी ढासळायची, जास्त दिला तर पेशी मरायच्या.

ज्या दिवशी नाही म्हणावं लागलं

दिवाळीनंतर जाळी टिकू लागली आणि डॉक्टरांच्या ओपीडीत त्याची चर्चा झाली. एका द्राक्ष बागायतदाराचा मुलगा वडिलांचे कागद घेऊन माझ्याकडे आला. दोन बोटं आधीच काढलेली, टाचेची जखम भरत नव्हती. त्याने मोबाइलवर ब्राझीलच्या फोर्तालेझा शहरातली बातमी दाखवली. तिथे भाजलेल्या रुग्णांवर तिलापिया माशाची कातडी बांधतात. आइसलँडमधली कंपनी कॉडची कातडी जखमांसाठी विकते, हेही त्याला माहीत होतं. "मॅडम, तिकडं लावत्यात. तुमच्याकडं तयार आहे. मी लिहून देतो."

मी त्याला खुर्ची दिली आणि ताटली दाखवली. ब्राझीलमधली कातडी निर्जंतुक करून, तपासून, रीतसर परवानगीने रुग्णांवर वापरली गेली होती. आमच्या जाळीत उंदराच्या पेशी होत्या. पेशी काढल्या तरी आम्ही तोवर एंडोटॉक्सिन मोजलंच नव्हतं. जिवाणू मेल्यावरही त्यांच्या कवचाचे हे अंश उरतात. ते नष्ट करायला २५० अंशांची कोरडी उष्णता लागते, आणि कोलॅजेनला तर ४० अंशही सोसत नाहीत. काही लोकांना माशाच्या कोलॅजेनचीच अ‍ॅलर्जी असते. शिवाय वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ आणि नैतिकता समिती यांना वळसा घालून मुलाच्या सहीवर बापाच्या जखमेत काही ठेवणं डॉक्टरांना मान्य नव्हतं, मलाही नाही. मुलगा रागावून गेला. त्याचा राग मला समजतो. त्याच्या वडिलांची जखम साखर आटोक्यात आणून, टाचेवरचा भार काढून, नियमित साफसफाईने भरत आणली गेली. सात महिने लागले.

त्याच आठवड्यात एंडोटॉक्सिनची चाचणी करून घेतली. रक्ताशी संपर्क येणाऱ्या उपकरणासाठी अमेरिकी औषधकोशाची मर्यादा नगामागे २० युनिट आहे. आम्ही तिच्या कितीतरी पट वर होतो. कारण शोधलं तर पहिली धुलाई. खवले बाजारातल्या नळाखाली धुतले जात होते आणि ओलेच पिशवीत बांधून ठेवले जात होते.

निष्पत्ती

आज त्वचेच्या आतल्या थराचा नमुना दोन आठवडे टिकतो. तिसऱ्या दिवशी पेशी लांब, निमुळत्या दिसतात. दुसऱ्या आठवड्यात त्या कोलॅजेन ओढून जाळी आक्रसवतात. कडा ताटलीपासून सुटतात, आणि तेवढं आक्रसणं जिवंत तंतुपेशींचं लक्षणच आहे. डॉक्टरांनी नेहमी वापरात असलेली काही मलमं त्यावर लावून पाहिली, आणि त्यातलं एक त्यांनी स्वतःच्या वापरातून थांबवलं. एंडोटॉक्सिन कमी झालं आहे, पण मर्यादेखाली आलेलं नाही. त्यामुळे नमुना ताटलीतच आहे.

काय वेगळं करता आलं असतं

पेशी आणि प्रिंटर यांना हात लावण्याआधी शाईची एक चकती ३७ अंशांच्या पोषक द्रवात रात्रभर ठेवून सकाळी द्रवातलं हायड्रॉक्सिप्रोलीन मोजायला हवं होतं. एका रात्रीच्या या चाचणीने आमचे तीन महिने वाचले असते. मासा निवडताना आधी त्याच्या पाण्याचं तापमान बघायला हवं होतं, भाव नंतर. फ्रीजमध्ये किमान-कमाल नोंदवणारा साधा थर्मामीटर असता तर मे महिन्यातली बॅच सोमवारी सकाळीच टाकून दिली असती. तो आता आहे. एंडोटॉक्सिनची पहिली चाचणी पहिल्याच बॅचला व्हायला हवी होती, जरी रुग्णाचा विचार नव्हता तरी, कारण रुग्ण आपणहून दारात येतो हे आम्ही पाहिलं. आणि प्रिंटर दोषी ठरवण्याआधी मी स्वतःच्या विषयातलं पुस्तक उघडायला हवं होतं. अभियंत्याची मी माफी मागितली. तो पिस्टन आजही उत्तम चालतो.

परिचारिकेचा प्रश्न मात्र ताटलीपुरता सुटलेला नाही. पुढे कधी नैतिकता समितीकडे जायची वेळ आली तर संमतीपत्रात काय लिहायचं यावर आम्ही दोन बैठका घेतल्या. डॉक्टरांचं म्हणणं होतं "सागरी स्रोताचं प्रथिन" असं लिहावं, म्हणजे कोणी दचकणार नाही. मी आणि परिचारिका अडून राहिलो. मसुद्याच्या पहिल्या ओळीत आता मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे: "हे जिताडा माशाच्या खवल्यांपासून बनवलेलं आहे."